ब्रिटनमध्ये मंडळाच्या कार्यक्रमासाठी बाउन्सी कॅसल भाड्याने घेताना: सुरक्षेचे नियम, टप्प्याटप्प्याने

मंडळाच्या गुढीपाडव्याला, उन्हाळी सहलीला किंवा गणेशोत्सवाला मुलांसाठी बाउन्सी कॅसल आणायचे ठरले आहे आणि ते काम कार्यकारिणीत नव्याने आलेल्या तुमच्याकडे सोपवले गेले आहे, असे धरून मी हा लेख लिहीत आहे. इंग्लंडमधल्या एका मराठी मंडळात गेली सहा वर्षे मुलांच्या विभागाची व्यवस्था माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षी माझी समजूत अशी होती की फोन करावा, आगाऊ रक्कम भरावी आणि त्या दिवशी माणसाला जागा दाखवावी, म्हणजे काम झाले. कौन्सिलच्या उद्यान विभागाने जेव्हा टॅग क्रमांक, विम्याची प्रत आणि धोक्यांचे लेखी मूल्यमापन मागितले, तेव्हा त्यांतल्या एकाही शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता. पुढे नियम वाचत गेले, चालकांना, म्हणजे कॅसल भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकांना, प्रश्न विचारत गेले आणि लक्षात आले की हे नियम फार अवघड नाहीत. मात्र ते कोणत्या क्रमाने पाळायचे हे कोणीतरी सांगावे लागते.

आपल्याकडे जत्रेत ज्याला मुले ‘मिकी माऊस’ किंवा नुसते ‘जंपिंग’ म्हणतात, तीच ही वस्तू. ती बंद फुग्यासारखी नसते. तिच्या शिवणींतून हवा सतत बाहेर जात असते आणि विजेवर चालणारा ब्लोअर ती सतत भरत असतो. म्हणून ब्लोअर बंद पडला की कॅसल फुटत नाही, हळूहळू बसू लागते. दुसरी गोष्ट अशी की आकाराच्या मानाने तिचे वजन फारच कमी असते. खोलीएवढी जागा व्यापणारी, उंच भिंतींची ही वस्तू म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने जवळपास शीडच असते. पुढच्या बहुतेक नियमांचे मूळ या दोन गोष्टींत आहे.

१. कोणत्या प्रकारचे भाडे आहे ते आधी ठरवा

बाउन्सी कॅसल दोन प्रकारे भाड्याने मिळते. पहिल्या प्रकारात चालकाचा माणूस पूर्ण वेळ थांबतो, मुलांना आत सोडतो, वाऱ्यावर लक्ष ठेवतो आणि शेवटी सगळे उतरवून घेऊन जातो. दुसऱ्या प्रकारात चालक सकाळी येऊन कॅसल उभी करतो, एका कागदावर तुमची सही घेतो, निघून जातो आणि संध्याकाळीच परत येतो. दुसरा प्रकार स्वस्त असतो आणि नवीन मंडळे बहुधा तोच निवडतात. पण ती सही केल्यापासून मुलांवर देखरेख करण्याची, वारा पाहण्याची आणि वेळ आल्यास खेळ थांबवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. सही करण्यापूर्वी तो कागद शेवटपर्यंत वाचा.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकाला १९७४ चा आरोग्य व सुरक्षा कायदा लागू होतो आणि त्याची अंमलबजावणी हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे एचएसई, आणि स्थानिक कौन्सिल करतात. पगारी नोकर नसलेल्या, केवळ स्वयंसेवकांवर चालणाऱ्या मंडळाला तो कायदा सहसा त्याच प्रकारे लागू होत नाही. मात्र यावरून आपण मोकळे आहोत असे समजू नका, कारण बोलावलेल्या माणसांची वाजवी काळजी घेण्याचे दिवाणी कर्तव्य मंडळावर असतेच. माझे मत विचाराल तर सार्वजनिक कार्यक्रमासाठी माणसासह कॅसल घ्यावी. वाढदिवसाला घराच्या बागेत दहा मुले असतील तर दुसरा प्रकार चालेल. पण मंडळाच्या कार्यक्रमात दीडशे मुले असतात आणि आपले स्वयंसेवक जेवणाच्या रांगेपासून ध्वनिक्षेपकापर्यंत सगळीकडे विखुरलेले असतात.

एक सापळा इथेच सांगते. एखादा उत्साही सभासद म्हणतो, ‘आमच्या घरी आहे, मी आणतो.’ दुकानांत किंवा ऑनलाइन मिळणारी छोटी कॅसल हे घरगुती खेळणे असते. तिला खेळण्यांच्या सुरक्षेचे नियम लागू होतात आणि ती दोन-चार लहान मुलांसाठी घरच्या बागेत वापरण्यापुरती बनवलेली असते. सार्वजनिक कार्यक्रमात ती वापरू नका. नकार देताना वाईट वाटते, हे मला मान्य आहे, तरी नकार द्या.

२. टॅग क्रमांक मागा आणि तो स्वतः तपासा

सार्वजनिक वापराच्या कॅसलसाठी बीएस ईएन १४९६० हे मानक आहे; त्याचा सध्याचा पहिला भाग २०१९ चा आहे. कापडाची मजबुती, शिवणी, भिंतींची उंची, दोर बांधण्याच्या जागांची संख्या, ब्लोअरची जाळी, सूचनापुस्तिका या सर्वांचे नियम त्यात आहेत. तुम्हाला ते मानक विकत घेऊन वाचण्याची गरज नाही. कॅसल त्या मानकाप्रमाणे तपासली गेली आहे की नाही आणि वर्षातून एकदा सक्षम तपासनीसाकडून तिची पुन्हा तपासणी झाली आहे की नाही, एवढे पाहणे तुमचे काम आहे.

यासाठी ब्रिटनमध्ये दोन योजना आहेत. एक पीआयपीए, जिला सगळे ‘पिपा’ म्हणतात, आणि दुसरी अ‍ॅडिप्स. पिपामध्ये तपासलेल्या प्रत्येक कॅसलला क्रमांकाचा टॅग लावलेला असतो. तो क्रमांक पिपाच्या संकेतस्थळावर टाकला की ती नेमकी कोणती कॅसल आहे आणि तपासणीची मुदत कधी संपते, ते दिसते. अ‍ॅडिप्समध्ये टॅगऐवजी अनुरूपतेचे प्रमाणपत्र, म्हणजे डिक्लरेशन ऑफ कम्प्लायन्स, दिले जाते. यांपैकी काहीही नसेल तर कॅसल वापरू नये, असा एचएसईचा स्पष्ट सल्ला आहे.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिली म्हणजे चालक ‘आमची कंपनी पिपाची आहे’ असे सांगतो. टॅग कंपनीला मिळत नाही, तो प्रत्येक कॅसलला स्वतंत्रपणे मिळतो. त्यामुळे तुमच्या कार्यक्रमाला जी येणार आहे तिचाच क्रमांक मागायला हवा. दुसरी फसगत माझ्याच बाबतीत झाली. नोंदणी करताना पाठवलेला क्रमांक बरोबर होता, मुदतही चालू होती. पण कार्यक्रमाच्या सकाळी आलेली कॅसल वेगळ्याच रंगाची होती, कारण आधीची दुसरीकडे गेली होती. नव्या कॅसलवरचा टॅग मी तिथेच फोनवर तपासला, तेव्हा त्याची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपलेली निघाली. म्हणून क्रमांक दोनदा तपासा: एकदा नोंदणी करताना आणि एकदा प्रत्यक्ष कापडावरचा टॅग पाहून. मुदतही कार्यक्रमाच्या तारखेला चालू असली पाहिजे, नोंदणीच्या तारखेला चालू असून उपयोग नाही.

३. विमा आणि जागेची परवानगी

चालकाकडून पब्लिक लायबिलिटी विम्याच्या, म्हणजे लोकांना इजा झाल्यास भरपाई देणाऱ्या विम्याच्या, प्रमाणपत्राची प्रत घ्या. उद्यानाच्या वापरासाठी अनेक कौन्सिल ५० लाख पौंडांपर्यंतचे संरक्षण मागतात, म्हणून आधी कौन्सिलला आकडा विचारून मग चालक निवडा. मंडळाची स्वतःची पॉलिसीही काढून वाचा. हवेने फुगवलेली खेळणी बऱ्याच पॉलिसींमध्ये वगळलेली असतात आणि ते वाक्य बारीक अक्षरांत शेवटच्या पानांवर असते. विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे.

उद्यान असो, शाळा असो की चर्चचा हॉल, जागेच्या मालकाला बाउन्सी कॅसल येणार असल्याचे अर्जातच कळवा. स्कॉटलंडमध्ये कार्यक्रमाच्या स्वरूपानुसार सार्वजनिक करमणुकीचा परवानाही लागू शकतो, त्यामुळे तिथल्या मंडळांनी कौन्सिलकडे निदान दोन-तीन महिने आधी चौकशी करावी.

४. जागा आधी जाऊन पाहा

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी मोजपट्टी घेऊन जागेवर जा. जमिनीचा उतार कोणत्याही दिशेने ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, म्हणजे चार मीटरच्या अंतरात २० सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक नको. वर झाडाच्या फांद्या किंवा तारा नसाव्यात. कॅसलभोवती कुंपण करणार असाल तर ते भिंतीच्या बाजूंपासून १.८ मीटर आणि उघड्या, म्हणजे मुले चढण्या-उतरण्याच्या, बाजूपासून ३.५ मीटर दूर असायला हवे. चालकाने सांगितलेल्या मापात हे अंतर धरलेले नसते. ‘पंधरा फूट बाय पंधरा फूट’ एवढे ऐकून आम्ही एकदा तेवढीच जागा राखली होती आणि शेवटी खाद्यपदार्थांचे दोन तंबू उचलून हलवावे लागले.

गवताच्या मैदानात मेखा ठोकल्या जाणार असतील तर जमिनीखालून विजेच्या, गॅसच्या किंवा पाण्याच्या वाहिन्या जातात का, हे जागेच्या मालकाला विचारा. हॉलमध्ये छताची उंची, दिवे आणि आपत्कालीन दारे पाहा. कॅसलमुळे एकही दार अडता कामा नये.

५. मेखा, दोर आणि वजने

या लेखातला एकच भाग तुम्हाला वाचायचा असेल तर हा आणि याच्या पुढचा वाचावा.

कॅसलला चारी बाजूंनी दोर बांधण्याच्या जागा शिवलेल्या असतात. बहुतेक कॅसलना त्या किमान सहा असतात, मोठ्यांना अधिक. नेमक्या किती, हे सूचनापुस्तिकेत आणि कॅसलवरच्या माहितीपट्टीवर लिहिलेले असते. नियम असा की जितक्या जागा आहेत तितक्या सगळ्या वापरायच्या. वारा नाही म्हणून, जमीन कडक आहे म्हणून किंवा वेळ कमी आहे म्हणून त्यांतली एकही सोडायची नाही.

गवतावर धातूच्या मेखा वापरतात. त्या ३८० मिलिमीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाड असाव्यात, त्यांचे डोके गोलसर असावे आणि दोर अडकवण्यासाठी त्यांना कडी जोडलेली असावी. मेख जमिनीत पूर्ण उतरली पाहिजे. वर राहिलेला भाग २५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर धावणारे मूल त्यावर अडखळते. तंबूच्या बारीक मेखा यासाठी अजिबात चालत नाहीत. फरक ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे एक मेख हातात घेऊन मोजपट्टी लावणे. चालक नाराज होईल असे वाटून मी पहिल्या दोन वर्षी हे केले नाही. आता दरवेळी करते आणि चांगल्या चालकाला त्याचे काहीच वाटत नाही, उलट तोच पट्टी धरून दाखवतो.

डांबरी किंवा काँक्रीटच्या जागेवर मेखा ठोकता येत नाहीत, तिथे वजने लावतात. एचएसईच्या मार्गदर्शनाप्रमाणे असे प्रत्येक वजन किमान १६३ किलोंचे असावे आणि त्याला दोर बांधण्याची नीट सोय असावी. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे हिशेब आहे. दोर बांधण्याच्या प्रत्येक जागेने १६०० न्यूटनचा ताण सहन करावा असे मानक सांगते, आणि १६०० न्यूटन म्हणजेच १६३ किलोंचे वजन. सहा जागा असतील तर एकूण ९७८ किलो होतात, म्हणजे जवळजवळ एक टन. यावरून तुमच्या लक्षात येईल की चालकाने गाडीतून काढलेल्या २०-२५ किलोंच्या वाळूच्या चार पिशव्या कशा पुरेशा नाहीत. २५ किलोंच्या पिशव्या घ्यायच्या म्हटल्या तर एका जागेला सात लागतील.

आमच्यावर हा प्रसंग आलेला आहे. एका शाळेच्या डांबरी आवारात कार्यक्रम होता. आलेल्या माणसाने सहापैकी चार जागांना एकेक पिशवी बांधली आणि आपण दर आठवड्याला असेच लावतो, असे सांगितले. पुस्तिका मागितली तर ती त्याच्याकडे नव्हती. आम्ही त्याला कॅसल गुंडाळून न्यायला सांगितले. आगाऊ दिलेले पैसे गेले, मुले हिरमुसली, दोन पालक माझ्यावर रागावले. त्या दुपारी मुलांनी लंगडी आणि डबा ऐसपैस खेळून आवार दणाणून सोडले, तरी मला रात्रभर वाटत राहिले की आपण उगाच ताणून धरले. आता तसे वाटत नाही. जागा डांबरी असेल तर ती गोष्ट नोंदणी करतानाच सांगा आणि वजने कोणती आणि किती आणणार, हे लेखी घ्या.

हॉलच्या आतही कॅसल बांधावी लागते. तिथे वाऱ्याचा प्रश्न नसला तरी एका बाजूला दहा मुले एकदम गेली की ती सरकू किंवा कलंडू शकते. आत कशी बांधायची हे पुस्तिकेतच दिलेले असते.

६. वारा मोजा, अंदाज करू नका

कोणतीही बाउन्सी कॅसल ताशी २४ मैलांपेक्षा, म्हणजे ताशी ३८ किलोमीटरपेक्षा जास्त वाऱ्यात वापरू नये, ही वरची मर्यादा आहे. काही कॅसलची मर्यादा याहून कमी असते आणि ती पुस्तिकेत दिलेली असते. तेव्हा ती पाळायची. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापात हा पाचवा क्रमांक. पालवी असलेली लहान झाडे डोलू लागतात तेवढा वारा. इथे राहून आपल्याला अशा वाऱ्याची इतकी सवय होते की तो ‘जोराचा’ वाटतच नाही. म्हणूनच तो मोजायला हवा.

हिशेब करून पाहा. ताशी ३८ किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण ७ किलोंचा दाब देतो. कॅसलची मागची भिंत चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच धरली तर बारा चौरस मीटरवर साधारण ८५ किलो होतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब दुप्पट नव्हे तर चौपट होतो, म्हणजे ३४० किलो. खालून वारा शिरला की उचल मिळते ती वेगळीच. दहा मुले आत आहेत म्हणून कॅसल जड झाली, हा समज चुकीचा आहे. मुले उडी मारून हवेत असतात तेव्हा त्यांचे वजन तिला खाली धरत नाही.

हे नियम का पाळायचे हे दाखवणाऱ्या दोन घटना तुम्हाला माहीत असाव्यात. २६ मार्च २०१६ रोजी, ईस्टरच्या सुट्टीत, एसेक्समधल्या हार्लो गावच्या उद्यानात फुगवलेले खेळणे वाऱ्याने बांधलेल्या जागेवरून सुटले आणि सुमारे ३०० मीटर दूर गेले. आत असलेली सात वर्षांची मुलगी दगावली. २०१८ मध्ये दोन चालकांना सदोष मनुष्यवधासाठी प्रत्येकी तीन वर्षांची कैद झाली. दुसरी घटना ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाची. १६ डिसेंबर २०२१ रोजी डेव्हनपोर्टमधल्या एका प्राथमिक शाळेत वर्षअखेरच्या आनंदमेळाव्यात वावटळीने कॅसल उचलली आणि सहा मुलांचा मृत्यू झाला. आठपैकी चारच जागांना मेखा होत्या, हे न्यायालयात पुढे आले; पण ती वावटळ आधी ओळखता येण्यासारखी नव्हती, असे धरून न्यायालयाने २०२५ मध्ये चालकाला दोषमुक्त केले. मला या दुसऱ्या घटनेतून असे दिसते की स्वच्छ उन्हाच्या दिवशीही वारा अचानक बदलतो, त्यामुळे सकाळी एकदा मोजून भागत नाही. आपला गुढीपाडवा नेमका मार्च-एप्रिलच्या वाऱ्यांत येतो, हे लक्षात ठेवून त्या कार्यक्रमाला शक्यतो हॉलच घ्यावा.

कामाची पद्धत अशी ठेवा. तीन दिवस आधीपासून मेट ऑफिसच्या अंदाजात वाऱ्याच्या झोतांचा आकडा पाहा. सरासरी वेग १५ मैल असला तरी झोत ३० मैलांचा असू शकतो आणि कॅसल उचलली जाते ती झोतानेच. झोत मर्यादेच्या जवळ दिसत असतील तर आदल्या दिवशीच रद्द करा. प्रत्यक्ष दिवशी वाऱ्याचा वेग मोजणारा, हातात धरायचा अ‍ॅनिमोमीटर वापरा. तो वीस-पंचवीस पौंडांत मिळतो आणि मंडळाने एक घेऊन ठेवावा. कॅसलशेजारी मोकळ्या जागेत, भिंतीच्या आडोशाला नव्हे, दर अर्ध्या तासाने आणि वारा वाढल्यासारखा वाटला की लगेच मोजा आणि वेळेसह वहीत लिहा. फोनवरचे हवामानाचे अ‍ॅप तुमच्या मैदानातला वारा मोजत नाही, ते मैलोन्‌मैल पसरलेल्या भागाचा अंदाज देते.

थांबवण्याचा निर्णय कोणाचा, हे आधी ठरवून सगळ्यांना सांगा. तो एकाच माणसाचा असावा. अध्यक्षांना विचारू, चालक काय म्हणतो पाहू, रांगेतल्या मुलांची पाळी होऊ दे, यात मोलाची मिनिटे जातात. दोन वर्षांपूर्वी उन्हाळी सहलीत माझ्या यंत्रावर झोत २७ मैलांचा आला, तेव्हा मी शिट्टी वाजवली आणि दीड मिनिटात कॅसल रिकामी झाली; हे जमले ते सकाळी सर्व स्वयंसेवकांना शिट्टीचा अर्थ सांगून ठेवला होता म्हणून.

७. वीज आणि ब्लोअर

ब्लोअर कॅसलच्या भिंतीच्या बाजूपासून किमान १.२ मीटर आणि उघड्या बाजूपासून किमान २.५ मीटर दूर असावा आणि मुलांचा हात तिथे पोहोचता कामा नये. त्याच्या दोन्ही तोंडांना जाळी असावी. ब्लोअरच्या विद्युत तपासणीची नोंद चालकाकडे मागा. सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण, असायलाच हवा. ओल्या गवतावर विजेची तार टाकलेली असताना जीव वाचवणारे साधन तेच. एक्स्टेन्शनची तार रिळावरून पूर्ण उलगडावी, कारण गुंडाळलेली तार तापते. जोड पावसापासून झाकलेला असावा आणि ‘हा प्लग काढू नये’ अशी चिठ्ठी त्यावर लावावी. आरतीच्या वेळी ध्वनिक्षेपकासाठी कोणीतरी ब्लोअरचाच प्लग काढल्याचे मी पाहिले आहे.

जनरेटर वापरत असाल तर तो वेगळ्या कुंपणात, मुलांपासून दूर आणि उघड्यावरच ठेवा. इंधन भरायचे तर कॅसल आधी रिकामी करा.

८. मुले आत जाण्यापूर्वी आणि आत असताना

किती मुले एका वेळी आत जाऊ शकतात आणि सर्वांत उंच मूल किती उंचीचे चालेल, हे माहितीपट्टीवर लिहिलेले असते. उंचीची मर्यादा दाखवणारी पट्टी प्रवेशाजवळ उभी करा, म्हणजे वाद होत नाहीत. लहान आणि मोठी मुले एकत्र सोडू नका. वयाचे गट करून दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या लावा. मोठ्यांनी मुलांबरोबर आत जायचे नाही, फोटोसाठीही नाही. प्रौढ माणसाच्या उडीने लहान मूल फेकले जाते.

बूट, चष्मा, बिल्ले, खिशातल्या टोकदार वस्तू बाहेर ठेवायच्या, हे सर्वत्र सांगतात. आपल्या कार्यक्रमांत आणखी काही पाहावे लागते. सणाला मुली परकर-पोलके किंवा नऊवारी नेसून आलेल्या असतात आणि त्यात पाच-सहा पिना टोचलेल्या असतात. काचेच्या बांगड्या, पैंजण, गळ्यातल्या साखळ्या असतात. निमंत्रणातच ‘बाउन्सी कॅसलसाठी साधे कपडे सोबत आणा’ असे लिहा आणि प्रवेशाजवळ दागिन्यांसाठी नावे लिहिलेली पाकिटे ठेवा. तोंडात चिवडा, चॉकलेट किंवा च्युइंगम असलेल्या मुलाला आत सोडू नका.

देखरेख करणाऱ्याने उघड्या बाजूला उभे राहून सतत आत पाहावे. त्याच्या हातात फोन किंवा जेवणाची थाळी नको. आम्ही दर अर्ध्या तासाने माणूस बदलतो, कारण त्यापुढे लक्ष टिकत नाही. कोलांटउड्या, भिंतीवर चढणे, एकमेकांवर पडणे लगेच थांबवा. उघड्या बाजूला जमीन कठीण असेल तर धक्का शोषणाऱ्या गाद्या हव्यात. पाऊस आला की पृष्ठभाग निसरडा होतो. मुले बाहेर काढा आणि पुसल्याशिवाय पुन्हा सोडू नका.

वीज गेली किंवा ब्लोअर बंद पडला तर मुलांना शांतपणे, उघड्या बाजूच्या जवळची आधी, अशी बाहेर काढा. एक माणूस मुलांकडे आणि दुसरा ब्लोअरकडे, अशी विभागणी आधीच ठरलेली असावी. हवा पूर्ण भरून भिंती ताठ उभ्या राहिल्याशिवाय कोणीही परत आत जायचे नाही.

९. जवळ ठेवायची कागदपत्रे आणि साधने

कागदपत्रे: पिपा टॅगच्या तपासणीची किंवा अ‍ॅडिप्स प्रमाणपत्राची प्रत, चालकाच्या विम्याची प्रत, मंडळाच्या विमा कंपनीचे लेखी उत्तर, जागेच्या मालकाची परवानगी, धोक्यांचे लेखी मूल्यमापन, त्या कॅसलची सूचनापुस्तिका, ब्लोअरच्या विद्युत तपासणीची नोंद, भाडेकरारावर ‘वाऱ्यामुळे रद्द झाल्यास पैसे परत किंवा दुसरी तारीख’ असे कलम. हे शेवटचे कलम नोंदणीच्या वेळीच मागून घ्या. पैसे बुडणार नाहीत हे माहीत असले की वाऱ्याच्या दिवशी ‘नको’ म्हणणे कार्यकारिणीला पुष्कळ सोपे जाते.

साधने: अ‍ॅनिमोमीटर, मोजपट्टी, शिट्टी, वही-पेन, उंचीची पट्टी, कोरडे पंचे, प्रथमोपचाराची पेटी, दागिन्यांसाठी पाकिटे.

१०. उतरवताना

कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांचे लक्ष आवराआवरीकडे जाते आणि अर्धवट बसलेल्या कॅसलमध्ये मुले शिरतात, कारण कापडाखाली लपायला त्यांना फार आवडते. ब्लोअर बंद करण्यापूर्वी आत कोणी नाही हे स्वतः पाहा, आणि ती पूर्ण गुंडाळली जाईपर्यंत एका माणसाला तिथेच उभे ठेवा. दोर आणि मेखा सर्वांत शेवटी काढायच्या, हवा पूर्ण गेल्यावर. घाईत आधी मेखा उपटणारे चालक मी पाहिले आहेत. मेखांची संख्या मोजून घ्या, गवतात राहिलेली एक मेख दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी पायात जाऊ शकते. वाऱ्याच्या नोंदींची वही, टॅगचा फोटो आणि मेखांचे फोटो कार्यक्रमाच्या फाइलमध्ये तारखेसह ठेवा. पुढच्या वर्षी हे काम ज्याच्याकडे जाईल त्याला पहिल्या दिवशी तीच फाइल द्या.